गाडीच्या मागे कोण उभं होतं

विमा कंपनीच्या क्लेम खात्यात मी तेहतीस वर्षं काढली, त्यामुळे अपघात म्हटला की मला फॉर्म आठवतो. चार पानांचा. तिसऱ्या पानावर ‘अपघात कसा घडला याचे थोडक्यात वर्णन’ असं छापलेलं आणि खाली सहा ओळी. त्या सहा ओळींत माणसं काय काय लिहायची! कुणी दोष कुत्र्यावर ढकलायचा, कुणी डोळ्यांवर आलेल्या उन्हावर. एका गृहस्थाने ‘झाड मध्ये आले’ असं लिहून खाली झोकात सही ठोकली होती. मी हसायचो नाही. त्याला समोर बसवायचो आणि सांगायचो, अहो, असं नसतं लिहायचं. लिहा, ‘सदर इसम अचानक गाडीसमोर आला.’ अचानक हा शब्द विसरू नका. आणि कुठेही, कुणापुढेही ‘माझी चूक’ म्हणू नका. पॉलिसीची अटच आहे तशी, कंपनीला न विचारता चूक कबूल करायची नाही.

खात्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हे शिकवलं. आज ती पोरं साहेब झालीत.

मी निवृत्त झालो आणि दीड वर्षाने बायको गेली. आजार पंधरा दिवसांचा. तिच्या पॉलिसीचा मृत्यूदावा मी स्वतः भरला, एकही खाडाखोड न करता. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “काका, इतका स्वच्छ फॉर्म पहिल्यांदा बघतेय.” मी थँक्यू म्हणालो आणि बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो. तेव्हा रडू आलं नाही, नंतरही नाही. लोक म्हणत, बाबा धीराचे आहेत. धीर कसला डोंबलाचा! मला काही वाटतच नव्हतं. बधिर झालेल्या हिरडीला जीभ लावून बघावी तसं मी अधूनमधून तिचा फोटो बघायचो आणि पुन्हा टीव्हीवर बातम्या लावायचो.

आता गाडीचं सांगतो, कारण सगळं तिथेच अडलंय.

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत गाडी लावायची माझी जागा म्हणजे दोन खांबांमधली फट. बावीस वर्षं मी तिथे गाडी मागे घेतली, आणि बावीस वर्षं बायको आधी उतरून मागे उभी राहिली. ‘या, या, या’ असलं ओरडणं तिला आवडायचं नाही. ती गप्प उभी राहायची, आणि पुरे झालं की डिकीवर तळहाताने एक थाप मारायची. थाप पडली की मी थांबायचो. बाजारात, लग्नाच्या हॉलबाहेर, टिटवाळ्याला गणपतीला गेलो की तिथेही हेच. “अहो, एवढे तीन आरसे दिलेत ते भांग पाडायला का?” असं ती दर वेळी म्हणायची. मी म्हणायचो, “तू आहेस ना.” मागे बघायची सवय मला लागलीच नाही.

ती गेल्यावर गाडी सहा-सात महिने हललीच नव्हती. मग मुलीचा फोन आला की आईचं शिलाई मशीन तिला हवंय. मुलगी ठाण्याला कोलशेतला राहते, नव्या टॉवरमध्ये, एकविसाव्या मजल्यावर. तिच्या बाल्कनीतून खाडी दिसते आणि खाली बघितलं तर जुनं कोळीवाड्याचं गाव. रविवारी सकाळी मशीन मागच्या सीटवर आडवं घातलं आणि माणकोलीच्या नव्या पुलावरून निघालो. टॉवरच्या गेटवर वॉचमनने पाहुण्यांचं पार्किंग फुल आहे म्हणून सांगितलं, तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला लावली, जिथे गावातल्या कोळणींचा मासळीबाजार भरतो. बाजार म्हणजे रस्त्याकडेची एक ओळ. पंधरा-सोळा बायका, पुढ्यात लाकडी फळ्या, त्यावर मासळीचे वाटे.

मशीन पोचवलं, चहा घेतला. मुलगी मशीनवरची धूळ पुसता पुसता रडली, मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. मग खाली आलो, गाडीत बसलो, रिव्हर्स टाकला आणि सावकाश क्लच सोडला.

आणि थापेची वाट बघत राहिलो.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. ती मागे उभी आहे असं मला वाटलं असंही नाही. तसं वाटायला मी काही वेडा नाही. डोक्यात काहीच नव्हतं. पाय आपलं रोजचं काम करत होते आणि कान थाप पडायची वाट बघत होते. थाप पडली. जोरात, तळहाताची, डिकीवर. मी लगेच ब्रेक दाबला. आणि मला बरं वाटलं. सात महिन्यांत पहिल्यांदा, छातीत काहीतरी सैल झालं. एखादा सेकंद असेल तो. मग किंकाळ्या ऐकू आल्या.

मागे एक कोळीण उभी होती, साठीची, माझ्याकडे पाठ करून. बर्फवाल्याशी बोलत होती. मागचं चाक तिच्या पावलावर चढलं होतं. थाप तिने मारली होती. पाटी उलटली होती आणि बोंबील रस्त्यावर पसरले होते. पावलातली दोन हाडं मोडली, हे नंतर एक्स-रेमध्ये कळलं. मी तिला गाडीतच घालून हॉस्पिटलात नेलं. वाटेत ती रडली नाही की मला शिव्या दिल्या नाहीत. दात आवळून एवढंच म्हणाली, “फोन लाव माज्या घरा. बोल, फळी सांबालायला सांग.” कसली फळी ते मला तेव्हा कळलं नाही. मी फोन लावला आणि निरोप जसाच्या तसा दिला.

हॉस्पिटलात हवालदार आला. काय झालं विचारलं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, “सदर महिला अचानक गाडीच्या मागे आली.” त्याने लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या फॉर्मवरही मी तेच लिहिलं. सहा ओळींपैकी दीडच ओळ वापरली. उलट सगळे कागद वेळेत गेले, आता बाईला रीतसर भरपाई मिळेल, असं एक प्रकारचं समाधानच होतं. काय माणूस असतो बघा.

महिनाभराने तिचा फोन आला.

“वलखलास का? पाय मोरलेली बाय बोलतंय.” ही माणसं सगळ्यांनाच अरे-तुरे करतात, कलेक्टर आला तरी. “घरा ये जरा. इचारायचा हाय.”

मी गेलो. गावातलं घर बसकं, मागच्या बाजूला टॉवर उभे. ओटीवर ती प्लॅस्टरमधला पाय स्टुलावर ठेवून बसली होती. सून चहा ठेवून आत गेली. मी सोबत सफरचंदं नेली होती, ती कोपऱ्यात ठेवली.

“तू काय लिवलंस?” तिने विचारलं.

“कुठे?”

“कंपनीच्या कागदान. तुजा मानूस आलता बाजारान. सगल्यांना इचारत फिरला. ही बाय नेहमी गारींच्या मागं-पुरं करतं का? पितं का? आदी कवा गारीखाली आलती का?”

तो माणूस माझा नव्हता, कंपनीचा तपासनीस होता. दावेदाराची वागणूक कशी, व्यसन आहे का, पूर्वी असा दावा केलाय का, हे आजूबाजूला विचारायचं असतं. पण ती प्रश्नांची यादी माझीच होती. पंधरा वर्षांपूर्वी मी तयार केलेली, टाइप करून सगळ्या शाखांना पाठवलेली. ‘अचानक’ असं लिहून आलं की तपासनीस पाठवायचा, हा नियमसुद्धा माझाच. तिच्या ओटीवर बसून मी माझी यादी तिच्या तोंडून ऐकली, क्रम न चुकता.

“तो प्रोसीजरचा भाग असतो,” मी म्हणालो.

“मंग तुजी परोसीजर आयक.” तिने पाय हलवायचा प्रयत्न केला आणि कळ आली तशी थांबली. मग सांगितलं ते असं. बाजारातल्या जागांना कुठला नंबर नाही, पावती नाही, कागद नाही. जागा म्हणजे फळी. तिची फळी सासूची. बाई आजारी पडली, बाळंत झाली, घरात मयत झालं, तर शेजारणी रोज सकाळी तिची फळी तिच्या जागी मांडतात आणि तिच्यावर पाणी मारतात. ओली फळी असली की तिथे कोणी बसत नाही. मग ती बाई दोन महिन्यांनी येवो की चार. पण खोटं बोलून घरी बसलेलीची फळी कोणी मांडत नाही. तिची पहिले तीन आठवडे मांडली जात होती. मग तपासनीस येऊन गेला. बायका बोलायला लागल्या, गाडीवाला तर म्हणतो ही अचानक आली. म्हणजे पैशासाठी हिनेच पाय घातला. आता दहा दिवस झाले, फळी भिंतीला टेकवून ठेवलीय. दुसरीने तिथे थर्माकोलचा खोका आणून टाकलाय.

“मी अचानक आली?” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “तीस वर्सं तितंच उबी हाय मी. अचानक तू आलास.”

मी म्हणालो, भरपाईचा दावा चालू आहे, ठाण्याच्या कोर्टात लागेल, तुम्हाला पैसे मिळतील.

“पैसं तुजी कंपनी दील नायतर नाय दील. मना त्याचा काय बोल नाय. तू बाजारान येऊन सांग, चूक कोनाची ती. मंग त्या फळी मांडतील. जागा गेली तं माज्या सुनंनी कय बसायचा?”

मी तिला अट समजावून सांगायला लागलो. चूक कबूल केली की कंपनी कशी हात वर करू शकते, त्यात शेवटी तिचंच नुकसान कसं. सगळं नीट, मुद्देसूद. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मंग बसलास कश्याला?” ती म्हणाली. “च्या पी न् जा.”

चहा प्यायलो आणि निघालो. लाज वाटायला हवी होती, पण तीही वाटेना. घरी येऊन वरणभाताचा कुकर लावला, जेवलो, झोपलो. सकाळी दाढी करताना आरशात बघितलं आणि स्वतःचाच भयंकर राग आला. राग म्हणजे काय, ब्रश बेसिनमध्ये आपटला. अरे, चोर तो चोर वर शिरजोर! बाईचा पाय मोडलास, जागा घालवलीस, आणि वर तिलाच पॉलिसीच्या अटी वाचून दाखवतोस? राग आला याचंच मला नवल वाटलं, कारण बऱ्याच दिवसांत तो आला नव्हता. तशीच अर्धी दाढी उरकून कल्याणच्या ऑफिसात गेलो.

तिथे साहेबाच्या खुर्चीत माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा बसतो. आता त्याचंही टक्कल पडलंय. त्याने उठून नमस्कार केला, कटिंग मागवला.

“मला जबाब बदलायचाय,” मी म्हणालो.

त्याने फाइल काढली, वाचली आणि माझ्याकडे बघून हसला. “सर, हे तर तुम्हीच शिकवलंत आम्हाला.”

“चुकीचं शिकवलं.”

“पोलिसांकडचाही बदलावा लागेल मग. केस अंगावर येईल. या वयात कशाला हात दाखवून अवलक्षण? बाईला काही ना काही मिळेलच.”

“येऊ दे अंगावर. आणि हे बघ, चूक कोणाची ते मी लिहीत नाही, ते कोर्ट ठरवेल. जे घडलं तेवढंच लिहितो. त्याला अट आड येत नाही. ती पण मीच शिकवली तुला.”

त्याने कोरा फॉर्म पुढे सरकवला. मी लिहिलं, ‘सदर महिला गाडीच्या मागे आधीपासून उभी होती. मी मागे न पाहता गाडी मागे घेतली.’ त्याने ते उलटं वाचलं आणि विचारलं, “सर, मागे का पाहिलं नाही, ते लिहायला हवं ना? आरसा खराब होता, वगैरे काहीतरी?”

खाली चार ओळी रिकाम्या होत्या. मी पेनाचं टोपण लावलं. “आरसा चांगला होता,” म्हणालो आणि सही केली. तिथून थेट पोलीस ठाण्यात गेलो आणि तिथेही तेच लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोलशेतला गेलो. गाडी त्याच जागी लावली, मुद्दाम नव्हे, तीच रिकामी होती. बाजार भरला होता. ओळीत एका ठिकाणी थर्माकोलचा खोका आणि त्याच्यामागे एक तरणी बाई. मागच्या भिंतीला एक फळी उभी, कोरडी, कडा झिजलेल्या. मी ओळीसमोर जाऊन उभा राहिलो. एकीने विचारलं, “काय देऊ, काका? सुरमई ताजी हाय.”

“मासे नकोत,” मी म्हणालो. “तुमच्यातल्या बाईचा पाय ज्याने मोडला, तो मी.”

कोयते थांबले. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. तेहतीस वर्षं जे वाक्य मी लोकांच्या तोंडातून निघू दिलं नाही, ते बोलायला मला घसा खाकरावा लागला. “ती अचानक आली नव्हती. ती उभी होती. अचानक असं मी खोटं लिहिलं होतं, ते काल बदललं. चूक माझी.”

ओळीच्या टोकाला एक म्हातारी बसली होती, सगळ्यांत थोरली असावी, कारण सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. “का नाय बगितलास मागं? डोलं फुटलं व्हतं का दारू प्यायलतास?”

इथे मी काहीही सांगू शकलो असतो. फोन आला होता, ऊन होतं, चष्मा नव्हता. तीनशे कारणं मला पाठ आहेत.

“माझी बायको उभी राहायची मागे,” मी म्हणालो. “बावीस वर्षं. थांबायचं असलं की डिकीवर थाप मारायची. मी कधी बघितलंच नाही मागे. आठ महिन्यांपूर्वी ती वारली. त्या दिवशी मी तिच्या थापेची वाट बघत गाडी मागे घेतली.”

कोणी हळहळलं नाही. म्हातारीने डोक्यावरचा पदर नीट केला, खोकेवालीकडे बघितलं आणि हाताने नुसतं ‘उठ’ केलं. ती पुटपुटली, “आमी काय इथं फुकट बसलोय का,” पण उठली, खोका ओढत टोकाला गेली. दोघींनी फळी भिंतीवरून उचलून जागेवर मांडली. म्हातारीने बादलीतलं पाणी ओंजळीने घेऊन फळीवर मारलं, दोनदा. मग माझ्याकडे न बघता समोरच्या गिऱ्हाइकाला पापलेटचा भाव सांगायला लागली.

मी गाडीत येऊन बसलो. किल्ली लावली होती तेवढ्यात फोन वाजला. तीच होती.

“मांडली बोलतान फळी,” ती म्हणाली. “पानी पन मारला.”

“हो. बघितलं मी.”

“अरं मेल्या, बायकोचा मना का नाय सांगितलास त्या दिशी? च्या पीत बसलास गप.”

“फॉर्ममध्ये तसा रकाना नसतो,” मी म्हणालो.

“मी काय फारम हाय?” तिने विचारलं. मग म्हणाली, “कय हायेस आता?”

“गाडीत. निघतोय.”

“मागं घेयाला लागंल ना गारी?”

“हो.”

“मंग उतर आदी. उतर, बोलतंय ना! मागं जा. बग.”

मी उतरलो. फोन कानाला लावून गाडीला वळसा घातला आणि डिकीजवळ जाऊन उभा राहिलो. बायको उभी राहायची बरोब्बर तिथेच. खाली डांबर ओलं होतं आणि माशाचे दोन-चार खवले चिकटलेले होते. डिकीवर धूळ होती, आणि त्या धुळीत त्या दिवशीचा तळहात अजून अर्धामुर्धा दिसत होता. मी गाडी धुतली नव्हती.

“कोन हाय मागं?” तिने विचारलं.

“कोणी नाही,” मी म्हणालो.

आठ महिन्यांत हे मी पहिल्यांदा म्हणालो होतो. आणखी एकदा म्हणायला गेलो, “कोणी नाही,” आणि आवाज फुटला. मग मी तिथेच, भर बाजारात, डिकीला धरून लहान पोरासारखा हुंदके देत रडलो. मला खूप दुखलं. पलीकडे तिने फोन ठेवला नाही.